मनुष्याचे भय आणि प्रभूची पंगत

नीतिसूत्रे २९:२५ या वचनावर आपणांपैकी बहुतेकांनी कधी ना कधी उपदेश केला असेल. माणसांच्या भयाने ग्रासलेला मनुष्य जाळ्यात सापडतो आणि परमेश्वरावर विसंबलेला मनुष्य त्या जाळ्याच्या आवाक्याबाहेर असतो, असा त्याचा सरळ आशय आहे. वचन लहान, आणि त्यावरील उपदेशही सहसा ठराविक वळणाचा असतो : माणसांना भिऊ नका, धैर्य धरा, देव पाठीशी आहे. श्रोते माना डोलवतात आणि घरी जातात. दुसऱ्याच दिवशी मुलीची सोयरीक, भावकीतले कार्य किंवा मंडळीच्या कमिटीची सभा यांपैकी काहीतरी समोर येते, आणि 'लोक काय म्हणतील' हा जुना प्रश्न पुन्हा मनाचा ताबा घेतो. उपदेश करणाऱ्याची स्थिती याहून फार निराळी असते, असे आम्हांला प्रामाणिकपणे म्हणता येणार नाही. म्हणून या भयाचे स्वरूप काय, ते आपल्या सेवेत कोणत्या वाटेने शिरते आणि त्यावर पवित्र शास्त्र नेमका कोणता उपाय सांगते, याचा थोडा विचार येथे करण्याचे योजिले आहे.

वचनातील तीन शब्द

या वचनात भयासाठी 'हरादाह' हा हिब्रू शब्द आला आहे. त्याचा मूळ अर्थ थरथर, कंप असा आहे. आपण याकोबाला एसाव समजून आशीर्वाद दिला, हे इसहाकाच्या ध्यानी आले तेव्हा तो ज्या कंपाने हादरला, त्याच्या वर्णनातही हाच शब्द आहे (उत्पत्ती २७:३३). तेव्हा येथे बोलणे चालले आहे ते शांतपणे केलेल्या सावधगिरीचे नव्हे. विचाराला अवसर न देता अंगाला ग्रासणाऱ्या कंपाचे ते आहे. दुसरा शब्द 'मोकेश' म्हणजे पारध्याचा फास. फासाचे वैशिष्ट्य असे की, तो पक्ष्याला मारीत नाही. त्याचे उडणे तेवढे थांबवितो. पक्षी जिवंत असतो, पंखही शाबूत असतात, परंतु पाय अडकलेला असतो. माणसांच्या भयात सापडलेल्या सेवकाची अवस्था हीच होय. त्याचा विश्वास गेलेला नसतो, ज्ञानही गेलेले नसते. पाऊल मात्र पुढे पडत नाही.

वचनाच्या उत्तरार्धातील क्रियापद 'सागाव' या धातूपासून आले आहे. उंच, दुर्गम ठिकाणी नेऊन ठेवणे असा त्याचा अर्थ. सेहेचाळिसाव्या स्तोत्रात परमेश्वराला आपला दुर्ग म्हटले आहे तो शब्दही याच धातूचा. गडकोटांच्या मुलखात वाढलेल्या आपल्या लोकांना ही प्रतिमा समजावून सांगावी लागत नाही. गडावर असलेल्या माणसाला खालच्या रानातला फास लागत नाही. फास नाहीसा झालेला नसतो. माणसाची जागा बदललेली असते.

आता एक गोष्ट लक्षपूर्वक पाहावी. वचनाच्या पूर्वार्धात भय आहे, तर उत्तरार्धात धैर्य असावे अशी आपली अपेक्षा असते. परंतु नीतिसूत्रकार धैर्याचे नाव घेत नाही. तो भरवशाचे नाव घेतो. भयाच्या विरुद्ध बाजूस त्याने भरवसा ठेवला आहे, याचा अर्थ भय आणि भरवसा ही एकाच जातीची गोष्ट आहे. यिर्मयाच्या सतराव्या अध्यायात मनुष्यावर भरवसा ठेवणारा आणि परमेश्वरावर भरवसा ठेवणारा असे दोन पुरुष शेजारी उभे केले आहेत, आणि दोघांच्याही बाबतीत हिब्रूत क्रियापद एकच आहे (१७:५–८). ज्याच्या आधाराने आपण उभे असतो तो आधार जाईल, अशी आपल्याला भीती वाटते. लोकांच्या मताचे भय वाटते, याचे कारण आपण लोकांच्या मतावर टेकून उभे असतो. म्हणून 'भिऊ नका' एवढे सांगून भागत नाही. टेकण्याची जागा बदलल्यावाचून भय जात नाही.

अंत्युखियातील पंगत

या भयाचा सर्वांत स्पष्ट दाखला गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. अंत्युखियातील मंडळीत यहूदी व परराष्ट्रीय विश्वासणारे एकत्र जेवत असत, आणि पेत्रही त्यांच्यात जेवत असे. पुढे याकोबाकडून काही मंडळी आली, आणि सुंता झालेल्यांच्या भयाने पेत्र त्या पंगतीतून बाजूस होऊ लागला. मूळ ग्रीकमधील क्रियापदांचा काळ येथे महत्त्वाचा आहे. जेवणे, मागे सरणे आणि वेगळे होणे ही तिन्ही क्रियापदे अपूर्ण भूतकाळातील आहेत. पेत्राने एके दिवशी उठून काही घोषणा केली नाही. आज जरा उशिरा आला, उद्या प्रकृतीचे कारण सांगितले, परवा दुसऱ्या घरी जेवला, अशी काहीशी ती हालचाल असावी, असे त्या क्रियापदांवरून वाटते. माणसांचे भय बहुधा अशाच चोरपावलांनी येते. त्यामुळे ज्याचा पाय घसरतो त्यालाही ते बरेच दिवस कळत नाही.

पेत्राला सत्य ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. यापो येथील दर्शन त्यालाच झाले होते. कर्नेल्याच्या घरी तोच गेला होता. सुंता न झालेल्यांबरोबर जेवल्याबद्दल यरुशलेमेत त्याला जाब विचारण्यात आला तेव्हा त्याने निर्भयपणे उत्तरही दिले होते (प्रेषितांची कृत्ये ११:२–१७). ज्या सत्यासाठी त्याने भर सभेत साक्ष दिली, तेच सत्य त्याने जेवणाच्या वेळी हातचे सोडले. सनहेद्रिनापुढे न डगमगलेला माणूस ओळखीच्या चार पाहुण्यांपुढे डगमगला. अपरिचित शत्रूपेक्षा आपल्याच माणसांचे मत अधिक भेडसावते, हा अनुभव आपणा सर्वांचा आहे.

आणि हे पाप एकट्याचे राहिले नाही. इतर यहूदी, फार काय बर्णबासुद्धा, त्या ओघात वाहून गेला, असे पौल खेदाने नमूद करतो. मंडळीत पुढारी मागे सरला की मागचे सर्व सरतात. पौलाने त्याला सर्वांसमक्ष विरोध केला तो यासाठी की, एका ताटावरून सुवार्तेचे सत्यच धोक्यात आले होते. ख्रिस्ताने ज्यांना स्वीकारले त्यांच्याबरोबर जेवायला पेत्राला संकोच वाटू लागला, तर नीतिमान ठरणे विश्वासाने होते की सुंतेने, हा प्रश्न पुन्हा उभा राहत होता. म्हणूनच विश्वासाने नीतिमान ठरण्याविषयीचे पौलाचे पहिले विस्तृत विवेचन या पत्रात भोजनाच्या प्रसंगाला लागून आले आहे.

मिटल्या दारामागचा पाव

पंगत हा शब्द आपल्या समाजात किती वजनाचा होता, हे आपल्या मराठी ख्रिस्ती इतिहासातूनच पाहता येते. १८४९ साली मुंबईत परमहंस सभा नावाची एक गुप्त संस्था स्थापन झाली. दादोबा पांडुरंगांसारखे विद्वान तिच्या मुळाशी होते. जातिभेद खोटा आहे, देव एक आहे, सर्व माणसे बंधू आहेत, ही तिची तत्त्वे. सभासद होताना जातिबंधन तोडल्याची खूण म्हणून ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावा लागे. परंतु हे सर्व मिटल्या दारामागे चाले. सभासदांची संख्या पुरेशी वाढेपर्यंत बाहेर वाच्यता करावयाची नाही, असा संकेत होता. दिवसा मंडळी आपापल्या जातीत वावरत आणि रात्री जातिभेदाविरुद्ध शपथ घेत. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची यादी चोरीस गेली. आता नावे उघड होणार, एवढ्या धास्तीनेच सभा मोडली. तिचे सिद्धांत कोणी वादात खोडून काढले नव्हते, की तिच्यावर कोणी सरकारी बंदी घातली नव्हती.

या सभासदांना हसण्याचा आपल्याला अधिकार नाही. त्यांना जे गमावण्याचे भय होते ते काल्पनिक नव्हते, आणि त्या काळी त्यांनी गुपचूप खाल्लेला पावसुद्धा मोठ्या धाडसाचा होता. पुढे १८६७ साली मुंबईत प्रार्थना समाज उघडपणे स्थापन झाला, तेव्हा दादोबांचे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग त्यात अग्रभागी होते. तेव्हा ते बीज वाया गेले असे म्हणता येत नाही. तरीही सत्य मनाला पटणे आणि सत्याच्या पंगतीला उघड बसणे यांतील अंतर या सभेच्या कथेइतके स्पष्ट क्वचितच दिसते.

याच सभेशी संबंध आलेले एक तरुण म्हणजे बाबा पदमनजी (१८३१–१९०६). त्यांचा जन्म बेळगावचा. मिशनच्या शाळेत शिक्षण झाले, ख्रिस्ती मताकडे मन वळले. परंतु मन वळल्यापासून बाप्तिस्म्यापर्यंतचा मार्ग त्यांच्यासाठी लांब व कष्टाचा ठरला. 'अरुणोदय' या आत्मचरित्रात त्यांनी हा अंतःकलह लपविलेला नाही. १८५४ साली बेळगावातच त्यांचा बाप्तिस्मा झाला. ज्या गावात आपल्याला लहानपणापासून ओळखणारी माणसे होती, त्याच गावात हे झाले, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. अनोळखी शहरात धर्मांतर करणे एक वेळ सोपे. परंतु ज्या गल्लीत आपले वडील मानाने चालतात त्या गल्लीत ख्रिस्ताचे नाव घेणे, हे ज्याला करावे लागले त्यालाच ठाऊक. पुढे 'यमुनापर्यटन' (१८५७) लिहून विधवांच्या दुःखाला उघड वाचा फोडणारे बाबा पदमनजी हे परमहंस सभेच्या मिटल्या दारातून बाहेर पडलेले बाबा पदमनजी होत.

भयाचे कारण खोटे नसते

येथे उपदेशकाने एक सावधगिरी बाळगावी. लोकमताचे भय म्हणजे केवळ मनाचा दुबळेपणा, असे बोलून आपण श्रोत्यावर अन्याय करतो. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्म बदलल्यामुळे किंवा जातीबाहेर पडल्यामुळे वारसाहक्क बुडू नये अशी तरतूद केली. बाबा पदमनजींच्या बाप्तिस्म्याच्या वेळी हा कायदा अस्तित्वात होता. परंतु घराचा वाटा कायदा देऊ शकतो. घरातला जिव्हाळा कोणताही कायदा देऊ शकत नाही. माणसाला वाळीत टाकण्याची चाल पुढेही इतकी टिकून राहिली की, महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. पाणी, विस्तव, सोयरीक आणि खांदेकरी यांना मुकण्याचे भय हे पोटापाण्याचे व मरणाधरणाचे भय आहे.

नव्या कराराला याची पूर्ण जाणीव आहे. योहानाच्या शुभवर्तमानात सभास्थानातून बहिष्कृत होणे यासाठी एक खास ग्रीक शब्द तीनदा आला आहे (९:२२, १२:४२, १६:२), आणि नव्या करारात तो अन्यत्र कोठेही नाही. जन्मांध माणसाचे आईबाप या बहिष्काराच्या भयाने आपल्याच मुलाची साक्ष द्यायला कचरतात. अधिकाऱ्यांपैकी पुष्कळ जण विश्वास ठेवूनही गप्प राहतात. या दुसऱ्यांविषयी योहान लिहितो की, त्यांना देवाकडून मिळणाऱ्या गौरवापेक्षा माणसांकडून मिळणारा गौरव अधिक प्रिय होता. आईबापांविषयी मात्र तो असा शेरा मारीत नाही. त्यांच्या भयाचे कारण सांगून थांबतो. ज्याला सर्वस्व गमवावे लागेल त्याचे भय आणि ज्याला केवळ मान गमवावा लागेल त्याचे भय यांना एका तराजूत घालू नये, हे आपण योहानापासून शिकावे. बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्या एखाद्या स्त्रीला तिच्या सासरची भीती वाटते, तेव्हा तिला 'विश्वास कमी पडतो' असे सुनावणारा धर्मशिक्षक बहुधा स्वतः कमिटीच्या चिटणीसालाही भीत असतो.

आपल्या सेवेतील मागे सरणे

आता आपल्याकडे वळू. गलतीकरांस पत्रात पेत्राच्या मागे सरण्यासाठी जे क्रियापद आहे, तेच पौल इफिसच्या वडिलांना निरोप देताना दोनदा वापरतो. हितकारक असे काहीही सांगण्यास आपण मागे सरलो नाही, देवाचा संपूर्ण मनोदय सांगण्यास आपण मागे सरलो नाही, असे तो म्हणतो (प्रेषितांची कृत्ये २०:२०, २७). हे भाषण मंडळीच्या पाळकांपुढे केलेले आहे. पंगतीतून मागे सरणे आणि उपदेशातून मागे सरणे यांना शास्त्रात एकच शब्द आहे, याचा आपण गंभीरपणे विचार करावा.

शनिवारी रात्री उपदेश लिहिताना हुंड्याविषयी एक वाक्य सहज उतरते. मग आठवते की, पुढच्या बाकावर बसणाऱ्या कुटुंबात नुकतीच बोलणी झाली आहेत. वाक्य खोडले जाते, आणि त्या जागी प्रेमाविषयी एक सर्वसाधारण वाक्य येते, ज्याने कोणाचेही काही बिघडत नाही. असे वाक्य आम्हीही खोडले आहे. ते खोडताना मनाने जी कारणे पुरविली ती सर्व सयुक्तिक होती : वेळ योग्य नाही, विषय निराळा आहे, मंडळीत फूट पडू नये. पेत्रालाही अंत्युखियात अशीच सयुक्तिक कारणे सुचली असतील.

घरोघरच्या भेटींचेही तसेच. एका घरी आपण सावकाश जेवतो. दुसऱ्या घरी 'आज घाई आहे' म्हणून उंबऱ्यावरूनच प्रार्थना करतो. ते दुसरे घर बहुधा गरीब असते. कधी ते अशा वस्तीत असते की, तेथे पाळक जेवले हे ऐकून पहिल्या घरच्यांच्या कपाळाला आठ्या पडाव्यात. आमच्या पूर्वजांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा जाती सोडल्या, असे आपण अभिमानाने सांगतो. परंतु कोणत्या गल्लीतील मंडळी कोणाच्या लग्नात जेवायला थांबतात, याचा हिशेब अनेक ठिकाणी अजून तोंडपाठ असतो. तो हिशेब धर्मशिक्षकालाही ठाऊक असतो, आणि त्याची पावले त्या हिशेबाने पडतात. ज्या घराचे पाणी आपण नाकारले, त्या घराला आपल्या उपदेशातील बंधुत्व कसे पटावे?

भयाचे आणखी एक रूप म्हणजे टीका करणाऱ्याला टाळणे. जो सभासद आपल्यावर रागावला आहे त्याच्या गल्लीत आपली भेट महिनोन्‌महिने पडत नाही. आपण त्याच्यासाठी प्रार्थना करतो असे म्हणतो. परंतु त्याच्या दारी जात नाही. धर्मशिक्षकाचे मानधन ज्यांच्या हाती असते त्यांच्याविषयी तर हे भय दुप्पट होते. त्याच्या घरी मुले आहेत, चूल आहे. त्याच्याकडून निर्भय साक्षीची अपेक्षा करणाऱ्या मंडळीने आपण त्याच्या पोटाला किती भयात ठेवले आहे, याचाही जाब स्वतःला विचारावा.

दोन खोटे उपाय

या भयावर दोन उपाय वारंवार सांगितले जातात, आणि दोन्ही फसवे आहेत. पहिला उपाय बेपर्वाईचा. 'मी कोणाची पर्वा करीत नाही, मी फक्त देवाला जबाबदार आहे,' असे म्हणणारा सेवक निर्भय दिसतो. परंतु अनेकदा त्याला केवळ बोलणे ऐकून घ्यायचे नसते. देवाचे भय हे बंधूच्या सल्ल्यापासून लपण्याची जागा नव्हे. पौलाने अंत्युखियात पेत्राला सर्वांसमक्ष सुनावले. आणि दुसऱ्या पेत्रात पौलाचा उल्लेख प्रिय बंधू असा आला आहे (३:१५). चारचौघांतील टीका सोसूनही टीकाकाराला बंधू म्हणता येणे, हे बेपर्वाईपेक्षा फार वेगळे आहे.

दुसरा उपाय सर्वांना सांभाळून घेण्याचा. लोकांची मने दुखवू नयेत ही प्रीती आहे, असे आपण म्हणतो, आणि कित्येकदा ती खरोखर प्रीती असतेही. मग प्रीती कोणती आणि भय कोणते, हे कसे ओळखावे? पौलाच्या दोन कृती शेजारी ठेवून पाहाव्यात. यहूद्यांमध्ये सेवा करताना अडथळा होऊ नये म्हणून त्याने तीमथ्याची सुंता केली (प्रेषितांची कृत्ये १६:३). परंतु सुंतेवाचून तारण नाही असा आग्रह धरणाऱ्यांपुढे त्याने तीताची सुंता होऊ दिली नाही (गलती २:३–५). कृती एकच, एकदा ती केली, एकदा नाकारली. तीमथ्याच्या बाबतीत ऐकणाऱ्याचे हित समोर होते. तीताच्या बाबतीत माघार घेतली असती तर पौलाचा त्रास वाचला असता आणि परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांचे स्वातंत्र्य गेले असते. तेव्हा कसोटी अशी : मी येथे नमते घेतले तर कोण वाचतो? माझा दुर्बल बंधू, की माझे नाव? या प्रश्नाचे उत्तर एकांतात, गुडघ्यांवर, सहसा लगेच मिळते.

तीन न्यायासने

मग खरा उपाय कोणता? करिंथकरांस पहिल्या पत्रात (४:३–५) पौल तीन न्यायासनांचा उल्लेख करतो. पहिले न्यायासन लोकांचे. करिंथकर आपल्याला तोलीत आहेत हे त्याला ठाऊक आहे. त्यांचा निकाल आपल्या लेखी अगदी लहान गोष्ट आहे, असे तो म्हणतो. तो निकाल शून्य आहे असे मात्र तो म्हणत नाही. लोकांच्या मताला त्याच्या योग्य आकारात तो ठेवतो. दुसरे न्यायासन स्वतःचे, आणि येथे त्याचे बोलणे आपल्याला चकित करते. मी माझाही न्याय करीत नाही, असे तो म्हणतो. लोकमताच्या भयातून सुटलेले बहुतेक लोक या दुसऱ्या न्यायासनापुढे जाऊन अडकतात. लोक काय म्हणतील हे सोडून ते 'मी स्वतःच्या नजरेत कसा आहे' हे धरतात. पौल तेथेही थांबत नाही. त्याचा विवेक त्याला दोषी ठरवीत नाही, तरी त्यावर तो विसंबत नाही. तिसरे न्यायासन प्रभूचे. अंतिम निकाल तेथे आहे, आणि तो प्रभू येईल तेव्हा लागेल. म्हणून त्याआधीचे सर्व निकाल अपुरे आहेत, माणसांची स्तुतीसुद्धा.

या तिसऱ्या न्यायासनापुढे पौल थरथरत नाही, याचे कारण गलतीच्या पत्रात आहे. ज्याच्यापुढे उभे राहावयाचे, त्यानेच आपल्यावर प्रीती करून स्वतःला आपल्यासाठी दिले (२:२०). न्यायाधीश कोण हे ज्याला ठाऊक आहे, त्याला इतर निकाल ऐकून घेता येतात. त्यांत तथ्य असेल तर तो सुधारतो. नसेल तर सोडून देतो. दोन्ही वेळी त्याचा पाया हलत नाही. विश्वासाने नीतिमान ठरणे हे तत्त्व आपण परीक्षेसाठी पाठ केले. लोकमताच्या भयावरील औषधही तेच आहे, हे सेवेत उतरल्यावर कळते.

प्रभू येशूने बारा जणांना पाठविताना भिऊ नका असे एकाच प्रवचनात तीनदा सांगितले (मत्तय १०:२६, २८, ३१). त्याने छळ होणार नाही असे सांगितले नाही. घरची माणसेच वैरी होतील असेही सांगितले. भय घालविण्यासाठी त्याने दाखला घेतला तो बाजारातील चिमण्यांचा. एका लहान नाण्याला दोन, आणि लूकाच्या म्हणण्याप्रमाणे दोन नाण्यांना पाच (१२:६), म्हणजे पाचवी फुकटच. बाजारात जिला किंमतही येत नाही तीसुद्धा पित्याच्या विस्मरणात नाही. लोकमत हाही एक बाजार आहे. तेथे आपला भाव रोज वरखाली होतो. पित्यापुढे आपले मोल त्या बाजाराने ठरत नाही, यावर विसंबणे म्हणजेच भरवसा.

काही व्यवहारातील गोष्टी

हा भरवसा भय संपल्यावर येतो असे नाही. छप्पन्नाव्या स्तोत्रात भय आणि भरवसा एकाच श्वासात आहेत. गथ येथे पलिष्ट्यांच्या हाती सापडलेल्या दाविदाचे ते स्तोत्र, असे त्याचे शीर्षक सांगते. तेव्हा ज्या क्षणी भय वाटते तोच भरवशाचा क्षण होय, असे आपण शिकवावे. प्रेषितांची कृत्ये ४:२९ मधील मंडळीने विरोधक नाहीसे व्हावेत अशी प्रार्थना केली नाही. धिटाईने बोलता यावे अशी केली. आपल्या प्रार्थनासभांतून हे मागणे फार क्वचित ऐकू येते.

दुसरे असे की, भरवसा लहान कृतींत वाढतो. खोडलेले वाक्य पुढच्या रविवारी पुन्हा लिहावे, आणि बोलण्यापूर्वी त्या कुटुंबाच्या घरी जाऊन प्रेमाने बोलावे. व्यासपीठाच्या आडून बाण मारणे हेही भयाचेच लक्षण आहे. ज्या घरी आजवर पाणी घेतले नाही तेथे जेवायला बसावे, आणि त्याची कोठेही वाच्यता करू नये. रागावलेल्या सभासदाच्या दारी एकदा जावे.

तिसरे, गुप्त विश्वासणाऱ्यांना लाजवू नये. निकदेम रात्री आला, आणि प्रभूने त्याला दिवसा ये असे म्हटले नाही. पुढे त्याने सभेत एक भीतभीत प्रश्न विचारला (योहान ७:५१). शेवटी शिष्य पांगले असताना, अरिमथाईकर योसेफाबरोबर, सुमारे शंभर शेर सुगंधी द्रव्य घेऊन तो उघड पुढे आला (१९:३९). आजच्या मापाने ते तीसेक किलोहून अधिक भरते. ते लपवून नेता येत नाही. रात्रीची भेट ते भरदिवसाचे ओझे एवढा प्रवास त्याला करावयाचा होता, आणि प्रभूने त्याला तेवढा अवकाश दिला. आपल्या दारी संध्याकाळनंतर येणाऱ्या जिज्ञासूंना आपणही तो द्यावा.

प्रभूची पंगत

शेवटी पुन्हा पंगतीकडे येऊ. परूशी व शास्त्री येशूविषयी कुरकुर करीत होते ती याच कारणाने की, तो पापी लोकांना जवळ करतो व त्यांच्याबरोबर जेवतो (लूक १५:२). त्या कुरकुरीमुळे तो पंगतीतून उठला नाही. त्याने हरवलेल्या मेंढराचा, हरवलेल्या नाण्याचा आणि हरवलेल्या पुत्राचा दाखला सांगितला. लोकांच्या टीकेतून मंडळीला मिळालेले हे धन आहे.

ज्या रात्री पेत्राने एका दासीच्या भयाने प्रभूला नाकारले, त्या रात्री तो कोळशांच्या शेकोटीपाशी उभा होता (योहान १८:१८). पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या समुद्रकाठी प्रभूने पेटविलेला विस्तवही कोळशांचाच होता (२१:९), आणि मूळ ग्रीक शब्द दोन्ही ठिकाणी एकच आहे. तेथे प्रभूने पेत्राला जाब विचारण्याआधी भाकर व मासळी दिली. जेवण झाल्यावर प्रीतीविषयी विचारले, आणि मग मेंढरे सोपविली. भयाने पडलेल्या सेवकाला प्रभू प्रथम आपल्या पंगतीला बसवितो.

प्रत्येक प्रभुभोजनाच्या वेळी आपण तीच भाकर हाती घेतो. ती मोडताना समोर कोण बसले आहे, कोणाच्या शेजारी कोण आहे, हे आपल्याला दिसते. आपल्याला ज्याने आधीच आपले म्हटले आहे त्याच्या हातची ती भाकर आहे. ती खाऊन उठणाऱ्या पाळकाने व धर्मशिक्षकाने पुढच्या आठवड्यात कोणाच्या घरी जेवावे आणि कोणते वाक्य खोडू नये, हे तेथेच ठरवावे. त्यासाठी लागणारा भरवसा प्रभू आपणा सर्वांना देवो.